तीन फुटांचं स्थलांतर

समस्त करवीरकर, तसेच कागल, गारगोटी, जोतिबा आणि पंचक्रोशीतील तमाम काका, मामा, आत्या, मावश्या व रुसलेले थोरले जावई यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, लग्नपत्रिकेत कोणाचं नाव कोणाच्या वर घालायचं याचा अंतिम निवाडा करणारं न्यायालय कायमचं बंद झालं आहे. यापुढे अपील चालणार नाही. ज्यांना भांडायचं आहे त्यांनी आपापल्या घरी, आपापल्या जबाबदारीवर भांडावं.

हे निवेदन रिक्षावर भोंगा बांधून गावभर फिरवावं असं माझ्या फार मनात होतं. यशवंताला ते आवडलं असतं. वरवर तो "मास्तर, गप बस" म्हणाला असता, आणि मग कागद मागून घेऊन त्यानं त्यातल्या दोन चुका काढल्या असत्या.

यशवंत कांबळे गेला त्याला आता सहा आठवडे होत आले. मी आठवीच्या वर्गावर होतो. शाळेचा शिपाई डोक्यावरची टोपी काढून दारात येऊन उभा राहिला, तेव्हाच मी खडू खाली ठेवला. दोनच दिवसांपूर्वी मी त्याला दवाखान्यात भेटून आलो होतो. नाकात नळी होती, आवाज बसला होता, तरी त्यानं विचारलं, "सुजाताच्या पत्रिकेचा मजकूर लिहून आणलास?" मी म्हणालो, "तू घरी ये, मग लिहितो." आमचं शेवटचं बोलणं ते हेच. आळशी माणसाच्या वाट्याला याहून चांगलं शेवटचं वाक्य येत नसावं.

सुजाता ही त्याची एकुलती एक लेक. तिचं लग्न कागलच्या मुलाशी ठरलं होतं आणि काही झालं तरी तारीख हलवायची नाही, असं तो दवाखान्यातूनच बजावून गेला होता. तारीख हलली नाही. पत्रिका मात्र अडली. जन्मभर दुसऱ्यांच्या पत्रिका वेळेवर देणाऱ्या माणसाच्या घरची पत्रिका एका शब्दावर अडून बसली, आणि तो शब्द घालायला त्याची बायको, आमच्या शालनवहिनी, काही केल्या तयार होईनात. तो शब्द कोणता आणि त्याचं एवढं काय, हे कळायला आधी माणूस कळायला हवा.

आमची ओळख खिळ्यांच्या काळातली. मी तेव्हा नाटकांत कामं करायचो, म्हणजे दुसऱ्या अंकात येऊन बातमी सांगून जाणारा माणूस करायचो. आमच्या प्रयोगाची हस्तपत्रिका एका छापखान्यात होती आणि तिथं यशवंत जुळारी होता. खणाखणांच्या लाकडी केसपुढं उभा राहून एकेक शिशाचा खिळा उचलायचा आणि ओळ जुळवायचा. मी त्याला चहा पाजला आणि हळूच सांगितलं, माझं नाव जरा मोठ्या टायपात घाल. चहा संपवून तो म्हणाला, "घालतो की. पण मास्तर, लोक काम बघून परत बारीक करतात." नाव मोठं आलं. प्रयोगानंतर लोकांनी बारीक केलं. मैत्री तेवढी उरली. तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं, खिळे उचलताना तो केसकडं बघत नव्हता. डोळे हस्तलिखितावर आणि हात आपला आपला चाललेला. कुठल्या खणात कुठलं अक्षर आहे हे बोटांना ठाऊक असतं, तिथं डोळ्यांनी लुडबुड करायची नाही, हा त्या धंद्याचा पहिला धडा. पुढं याच धड्यानं आम्हा दोघांना गोत्यात आणलं.

नव्वदनंतर खिळे गेले आणि संगणक आले. बरोबरीचे जुळारी कुणी एसटीत चिकटले, कुणी गावाकडं गेले. यशवंतानं रात्रशाळेतल्या पोरासारखा हट्ट धरून संगणकावरची जुळणी शिकून घेतली आणि पापाच्या तिकटीजवळच्या एका बोळात गाळा घेतला. पाटीवर दुकानाला नावच नव्हतं. 'संगणकावर सुबक अक्षरजुळणी', बस्स. आत एक टेबल, एक खुर्ची, एक जाडजूड पोटाचा पडदा आणि माझ्यासाठी एक स्टूल. शाळा सुटली की मी त्या स्टुलावर बसून फुकट प्रुफं तपासायचो. यशवंताच्या मते मी फुकटच्याही लायकीचा नव्हतो.

काम मुख्यतः पत्रिकांचं. आणि कोल्हापुरी पत्रिका म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. नवरा-नवरीची नावं चार ओळींत संपतात. खरी पत्रिका तिथून पुढं सुरू होते: निमंत्रक, आपले नम्र, व्यवस्थापक, समस्त अमुक परिवार. त्यात थोरल्या काकांच्या वर मामा गेले की मांडव पडण्याआधी भाऊकी पडते. यशवंतानं यावर साधा उपाय केला होता. प्रत्येक घराची एक फाईल. थोरल्याच्या लग्नाला जी उतरंड ठरली, तीच धाकट्याच्या लग्नाला उघडायची, नवीन सुना-जावई घालायचे. कुणी भांडायला आलं की तो पडदा त्याच्याकडं वळवायचा. "मागच्या बारीला तुमच्या आबांनीच सही केलीया. बघा." आबांची सही निघाली की पावणं गप.

पण त्या फायलींचं खरं काम वेगळंच होतं. सकाळी दुकान उघडलं की यशवंत पेपरातलं निधनाचं पान आधी वाचायचा. ओळखीचं नाव दिसलं की त्या घराची फाईल काढायचा आणि त्या माणसाच्या नावामागचं 'श्री.' पुसून तिथं जे घालायचं ते घालायचा. पाटील-शिंद्यांच्या घरी 'कै.', लिंगायताच्या घरी 'लिं.', मुसलमानाच्या घरी 'मरहूम', आमच्या यशवंताच्या समाजात, म्हणजे बौद्धांच्या घरी, 'कालकथित'. हे कुणी त्याला सांगितलेलं नव्हतं. त्या घरात पुढचं लग्न पाच वर्षांनी निघायचं असलं तरी हे दहा दिवसांच्या आत झालंच पाहिजे, असा त्याचा नेम. मी एकदा म्हणालो, "अरे, घाई काय आहे? तो माणूस कुठं परत येणार आहे?" तर म्हणाला, "त्याच्यासाठी न्हाई करत. उद्या पोरगं पत्रिका करायला आलं आणि माझ्यापुढं बसून त्यालाच सांगावं लागलं, की आता बाबांच्या नावामागं हे घाला… ते त्याच्या तोंडनं नको." लोक दहाव्याला जायचे, यशवंत फाईल उघडायचा.

दोन हजार सालानंतर ते जुनं मशीन दमायला लागलं. सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचं की तेवढ्यात आमचा एक चहा व्हायचा. शेवटी नवं मशीन आलं आणि सगळा संसार जुन्यातनं नव्यात हलवायचा ठरला. राजारामपुरीतला एक माहीतगार माणूस आला. म्हणाला, जुन्याची डिस्क काढून नव्याला जोडतो, तासाभराचं काम आहे. यशवंत त्याला म्हणाला, "सगळी एकदम?" "एकदम." "म्हणजे कोण आलं, कोण ऱ्हायलं, कसं कळायचं?" त्या माणसानं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. मग तो आपली पिशवी उचलून चहा पिऊन गेला.

आणि आम्ही फ्लॉप्यांनी संसार हलवायला बसलो. दुकान सोमवारी बंद असायचं. जुन्या मशीनमधनं चार-पाच घरं एका फ्लॉपीवर घ्यायची, खुर्ची फिरवायची, नव्या मशीनमध्ये फ्लॉपी घालायची, एकेक फाईल उघडून डोळ्यांखालनं घालायची आणि वहीत खूण करायची. दोन टेबलांत अंतर तीन फूट. ते तीन फूट ओलांडायला जिल्ह्याला तीन सोमवार लागले. मध्येच वीज जायची. मध्येच एखादी फ्लॉपी कुरकुर करून राम म्हणायची, की परत मागं. प्रत्येक फाईल उघडली की यशवंत थांबायचा. "हे भुदरगडातलं घर. ह्या आजीनं मला पत्रिकेबरोबर काकवी दिलती." "हे तिघं भाऊ बोलत न्हाईत, पण पत्रिकेत एका ओळीत हाईत बघ." मी आयुष्यात इतकी लग्नं एका दमात कधी खाल्ली नव्हती.

फायली आल्या, पण मशीनच्या सवयी आपोआप येत नाहीत. यशवंतानं जुन्या मशीनवर बटणं लावून ठेवली होती. कळफलकाच्या वरच्या रांगेतलं एक बटण दाबलं की 'श्री.', दुसऱ्यावर 'सौ.', पुढच्यावर 'चि.', त्याच्या पुढच्यावर 'कै.'. या नेमणुका वहीच्या एका पानावर लिहिलेल्या होत्या. ते पान बघून नव्या मशीनला बटणं लावून द्यायचं काम मी अंगावर घेतलं. त्या पानावर माझ्याच चहाच्या कपाचं गोल वर्तुळ उठलेलं होतं. वर्तुळाखालच्या दोन ओळींची मी अदलाबदल केली. केली ती केली, वर "झालं रे, एकदम चोख" असंही म्हणालो.

पुढच्याच आठवड्यात गारगोटीच्या, फाईल नसलेल्या एका नव्या घराची पत्रिका आली. यशवंतानं सवयीनं कागदाकडं बघत, पडद्याकडं न बघता जुळणी केली. मी प्रुफ तपासलं, म्हणजे मामा-काकांचा क्रम तपासला, कारण भांडणं तिथं होतात. छापून गठ्ठा गेला. दोन दिवसांनी नवरदेवाचे मामा दुकानात आले. दणकट माणूस, फेटा, हातात गठ्ठा. गठ्ठा टेबलावर ठेवला, रुमालानं तोंड पुसलं आणि शांतपणे विचारलं, "पावणं, आमचा पोरगा कवा गेला म्हणायचा?"

पत्रिकेत नवरदेव कैलासवासी झाले होते. आणि वरच्या ओळीत, चार वर्षांपूर्वी वारलेले त्यांचे आजोबा चिरंजीव.

मी स्टुलावरून उठायच्या बेतात होतो, कबूल करायला की पळायला, हे आजही नक्की सांगता येणार नाही. यशवंतानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला खाली बसवलं आणि उभा राहिला. "चूक माझी हाय," म्हणाला. "हात मी घातला, डोळं मी घातलं न्हाईत." मामा म्हणाले, "आजोबा खूश हाईत म्हणा. पर पोराच्या आईनं दोन दिस अन्न सोडलंय." दुसऱ्या दिवशी नव्या पत्रिका पिशवीत घालून यशवंत एसटीनं गारगोटीला गेला. त्या माउलीच्या हातात पहिली पत्रिका त्यानं स्वतः दिली, तिच्यासमोर नवरदेवाचं नाव मोठ्यानं वाचलं आणि ती जेवायला बसल्यावरच परतला. माझं नाव त्यानं तिथंही घेतलं नाही. मला बोलला फक्त एकदा. दुकानात आला, नव्या मशीनवरची 'कै.'ची नेमणूक काढून टाकली, पाठोपाठ 'लिं.' काढली, 'मरहूम' काढलं, 'कालकथित' काढलं. म्हणाला, "हे बटणानं घालायचं न्हाई. हातानं घालायचं. एकेक अक्षर." तेव्हापासून दुकानात तोच नियम.

जुनं मशीन मात्र त्यानं विकलं नाही, कुणाला दिलंही नाही. खिडकीजवळच्या कोपऱ्यात हलवलं, वहिनींनी जुन्या पडद्याची खोळ शिवून दिली ती घातली. मला वाटलं, कंजूषपणा. मग एक दिवस जोतिबाहून एक म्हातारी आली. डोंगरावर त्यांचं गुलाल-खोबऱ्याचं दुकान, नातवाचं लग्न. नवरा मध्यंतरी गेलेला. यशवंतानं नव्या मशीनवर त्यांची फाईल उघडली. बाईंना वाचता येत नव्हतं. म्हणाल्या, "नावं वाच की बाबा." यशवंत वाचायला लागला. नवऱ्याच्या नावाशी आला, 'कै.' म्हणाला, आणि बाई एकदम लहान झाल्यासारख्या दिसायला लागल्या. नेम बरोबर होता, दहा दिवसांत घातलेलं होतं, काहीच चुकलेलं नव्हतं… मग यशवंत उठला, कोपऱ्यातली खोळ काढली आणि जुनं मशीन सुरू केलं. ते घुं घुं करत जागं होईपर्यंत मी बाईंसाठी चहा सांगून आलो. त्यात तीच फाईल होती, पण हलवाहलवीच्या दिवसाची. त्या दिवशी म्हातारा जिवंत होता. यशवंतानं पहिल्यापासून सगळी नावं वाचली, आणि त्याच्या नावाशी आला तेव्हा खणखणीत 'श्री.' म्हणाला. बाईंनी पदर सारखा केला. "परत एकदा वाच," म्हणाल्या. त्यानं वाचलं. मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, "छाप आता, त्या दुसऱ्यातलं."

त्यानंतर अशी माणसं अधूनमधून यायची. जाहिरात नव्हती, कुणी कुणाला सांगत असेल असंही वाटत नाही. मी एकदा त्याला डिवचलं, "यशवंता, तू कोपऱ्यात काय देवऋषीचं दुकान काढलंयस काय?" तो म्हणाला, "लेका, मी काय करतोय? जुनी फाईल उघडतोय." आणि कामाला लागला.

आता पत्रिकेकडं. सुजाता गेली दोन वर्षं वडिलांच्या बरोबरीनं दुकानात बसत होती. वडील असतानाच तिनं सपाट पडद्याचं तिसरं मशीन घ्यायचं ठरवलं होतं, ते त्यांच्या पाठीमागं आलं. या वेळी राजारामपुरीच्या माणसानं एका तासात सगळं हलवलं. तिनं विचारलं, "एकेक उघडून बघू का, काका?" मी म्हणालो, "बघ. पण बटणं मी लावणार नाही." कितीतरी दिवसांनी ती हसली. तिसऱ्या मशीनला जागा हवी होती, म्हणून कोपऱ्यातलं पहिलं मशीन भंगारवाल्याला द्यायचं ठरलं. तो रविवारी येणार होता.

पत्रिकेचा मजकूर मी एकदाचा लिहून दिला. 'कालकथित' हा शब्द तेवढा सोडून. वहिनी म्हणत, "नुसतं यशवंत कांबळे लिवा. पुढं-मागं काय नको." सुजाता म्हणे, "आई, दहा दिवसांच्या आत घालायचं म्हणून बाबांनीच शिकवलंय, आता सहा आठवडे झाले." कागलकरांचे रोज फोन. त्यांचीही चूक नव्हती, त्यांना गावोगाव पत्रिका वाटायच्या होत्या. वहिनी आत जाऊन भांडी लावत बसत. त्या शब्दाबरोबर त्यांच्या स्वतःच्या नावामागचं 'सौ.'ही जाणार होतं, हे कुणी बोलत नव्हतं. मी तर नाहीच. मला त्या दोन ओळींची धास्ती बसलेली.

रविवारी सकाळी वहिनी आपण होऊन दुकानात आल्या. तो गेल्यापासून पहिल्यांदाच. माझ्या स्टुलावर बसल्या. सुजातानं नव्या पडद्यावर त्यांच्या घरची फाईल उघडली आणि हात कळफलकावर ठेवून तशीच बसली. बटण नव्हतंच, हातानं घालायचं होतं, आणि हात हलेना. वहिनी पडद्याकडं बघतच नव्हत्या. कोपऱ्यातल्या खोळीकडं बघत होत्या. म्हणाल्या, "ते चालू कर."

सुजातानं खोळ काढली. मशीन सुरू व्हायला नेहमीसारखा चहाभर वेळ लागला. घुं घुं झालं, पडदा उजळला, कांबळ्यांची फाईल उघडली. हलवाहलवीच्या आधी कधीतरी पुतण्याच्या लग्नाला केलेली. सुजाताला वाचवेना, म्हणून मी वाचली. आयुष्यात पहिल्यांदाच मला आवाज लावावासा वाटला नाही. साधं, जसं तो वाचायचा तसं. आपले नम्र: श्री. यशवंत रामा कांबळे. सौ. शालन यशवंत कांबळे. कु. सुजाता.

वहिनींनी मला परत वाचायला सांगितलं नाही. सुजातानं डोळे पुसले, आणि ती बापाचीच लेक, तिचा हात आपोआप जुन्या कळफलकाकडं गेला. म्हणाली, "काका, मशीन जायच्या आधी यातलंपण दुरुस्त करून घेऊ का?"

तेवढ्यात भंगारवाला दारात येऊन उभा राहिला. वहिनी उठल्या, मशीनपुढं आडव्या आल्या आणि आम्हा तिघांनाही एकदम म्हणाल्या, "आम्हा दोघांस्नी ह्यात असंच ऱ्हाऊ दे की. त्या नव्यात काय करायचं ते करा जावा."